‘फुकटचं सॉफ्टवेअर टाकून पैसे घेतले’ या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार भाऊ. दोन स्टार दिले, ते राहू द्या. पण "लाइटरूम मागितलं तर फुकटचं डिजिकॅम टाकून दिलं, वरून पैसे घेतले, अन् हार्ड डिस्क काढली की फोटो उघडत नाही" हे वाचून बाकीच्या गिऱ्हाइकांचा गैरसमज होतो, म्हणून इथंच लिहून राहिलो.

डिजिकॅम अन् लाइटरूम ही दोन्ही फोटो नीट लावून ठेवायची सॉफ्टवेअर. डिजिकॅमचा एक रुपया घेतलेला नाही. ते कोणीही नेटवरून उतरवून घ्यावं. पैसे कामाचे आहेत. तुमच्या डिस्कवर लग्नांचे आणि ताडोब्याचे फोटो एकातच, वर ‘न्यू फोल्डर’ची रांग. एकाच जनावराला कुठं ‘बिबट’, कुठं ‘बिबट्या’, कुठं ‘लेपर्ड’. शोधलं की अर्धे फोटो बाहेरच राहायचे. ते सगळे एका टॅगखाली, म्हणजे शोधायच्या एकाच नावाखाली आणले, मोहर्ली आणि कोलारा गेट वेगळे केले. बिल त्याचं आहे.

लाइटरूम वाईट नाही. रॉ फोटोवर, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेल्या कच्च्या फाइलवर काम करायला मी स्वतः तेच वापरतो. पण लाइटरूम क्लासिकची नवी आवृत्ती २०१७ पासून वर्गणीवरच मिळते, आणि सीझन संपला की हप्ता नको असं काउंटरवर तुम्हीच म्हणाले. वर्गणी थांबली तरी लायब्ररी उघडते, डेव्हलप, म्हणजे फोटो सुधारायचा भाग, मात्र बंद. शिवाय सेटिंग चालू केली नाही तर टॅग त्याच्या कॅटलॉगमध्येच, म्हणजे त्याच्या स्वतःच्या नोंदवहीतच राहतात. मी सगळ्यात आधी हेच पाहतो: उद्या सॉफ्टवेअर बदललं तर टॅग फोटोसोबत जातील का? गुगलनं २०१६ मध्ये पिकासा हे आपलं फोटोचं सॉफ्टवेअर बंद केलं. तुमच्या जुन्या फोल्डरांत त्याच्या नोंदींच्या आयएनआय फाइली अजून पडून आहेत.

म्हणून आता टॅग जेपेगच्या आत आणि रॉच्या शेजारी एक्सएमपी नावाच्या छोट्या नोंदीच्या फाइलमध्ये लिहिले जातात. त्यातही एक गोम आहे. डिजिकॅम त्या फाइलला आपल्या मर्जीनं ‘.एनईएफ.एक्सएमपी’ (एनईएफ म्हणजे निकॉनची रॉ फाइल) असं नाव देतं, ते लाइटरूमला ओळखू येत नाही. त्यासाठी सेटिंगमध्ये वेगळी टिक आहे, ती लावून दिली आहे.

राहिला डिस्कचा प्रश्न. सातबारा घरी ठेवला म्हणून वावर घरात येत नाही. डिस्क काढली तरी टॅग आणि छोटी चित्रं डिजिकॅमच्या नोंदवहीत जमा राहतात. मूळ फोटोला डिस्क लागणारच. लाइटरूममध्ये स्मार्ट प्रिव्ह्यू, म्हणजे फोटोच्या छोट्या प्रती बनवल्या तर थोडंफार काम निघतं, पण मूळ फोटो तिथंही डिस्कवरच. अन् भाऊ, दुसरी डिस्क घ्या हे तेव्हाही सांगितलं होतं. कॅटलॉग म्हणजे बॅकअप नव्हे.

मंगळवारी ताडोबा बंद असतो, तेव्हा लॅपटॉप आणि डिस्क दोन्ही घेऊन या. वर्गणी भरली असेल तर लाइटरूम तुमच्यासमोर टाकून देतो. त्यात टॅग दिसले नाहीत तर बिलाचे पूर्ण पैसे परत.