एक स्टार दिलेल्या अँबेसेडरवाल्या दादांना उत्तर

दादा नमस्कार. आमच्या सांगलीच्या इंजिनकामाच्या दुकानावरचा तुमचा रिव्ह्यू काल रात्री आमच्या पोराने दाखवला. हेडच्या सीट (व्हॉल्व्ह जिथे टेकून बंद होतात त्या कडा) चुकीच्या कापल्या, कंप्रेशन शून्य, आठ नवीन पुशरॉड करून घेतले त्यातला एक पहिल्याच सेल्फला केळ्यासारखा वाकला, आणि वर आमच्या माणसाने "घरी इंजिन बांधाय ते काय भडंग आहे का" असं ऐकवलं, एवढं सगळं तुम्ही लिहिलंय. शेवटचं आधी घेतो. ते बोलणं चुकलं, त्याला मी समज दिलीय आणि माझ्याकडून माफी. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा गावभागात तुमची गाडी बॉनेटच्या वर बुडालेली, ती तुम्ही भंगारात न घालता स्वतः खोलली, याचं मला कौतुकच आहे.

आता सीटचं. सीट कापल्यावर हेड उलटं ठेवून, प्लग लावून, चारी खड्ड्यांत रॉकेल भरून ठेवलेलं, एक थेंब पोर्टमध्ये (हवा-धुराच्या वाटेत) उतरला नाही आणि तो फोटो तुमच्या व्हॉट्सअॅपवर आहे बघा. कॅम टॅपेटला उचलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला, आणि रॉकर व्हॉल्व्ह दाबून उघडतो. कंप्रेशन जातंय ते व्हॉल्व्ह बंदच होत नाहीत म्हणून, पुशरॉड लांब झालेत आणि ते रॉकरला दाबून धरतायत. खात्री करायची तर आधी पाणी काढा, मग रॉकर शाफ्ट सोडा (त्याचे चार नट हेडचेच आहेत म्हणून बाकीचे हेड नटपण क्रमाने सैल करा, नाहीतर हेड परत वाकेल), सगळे पुशरॉड बाहेर काढा आणि शाफ्ट तसाच परत टाइट करा. आता सगळे व्हॉल्व्ह मिटलेले. एक नंबर पिस्टन वर आणा, गाडी गिअरमध्ये टाका, हँडब्रेक ओढा, जुन्या प्लगची चिनीमाती फोडून त्यात टायरचा व्हॉल्व्ह बसवा आणि पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरने हवा द्या. कार्बोरेटरकडून फुसफुस आली तर इनटेक सीट, सायलेन्सरकडून आली तर एक्झॉस्ट, ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा. पहिल्या दोन ठिकाणांहून हवा आली तर सीटचं काम फुकट परत करून देतो, इथे लिहून देतोय.

मग रॉड लांब कसे झाले? यात तुमचं थोडं आहे आणि आमचं पण थोडं आहे, आणि आमचं जरा जास्तच आहे म्हणा.

हेड वाकडं होतं म्हणून आम्ही ३० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) घासून घेतलं, ब्लॉकवरून १० थाऊ, म्हणजे मिळून ४० थाऊ, साधारण १ मिमी. हेड तेवढं खाली आलं, त्यावर बसलेला रॉकर शाफ्टपण खाली आला, पण कॅम आणि टॅपेट जागेवरच, म्हणजे तोच जुना रॉड आता १ मिमी लांब. सीट खोल कापली की व्हॉल्व्हचं शेपूट वर येतं, रॉकरची पुशरॉडकडची बाजू खाली जाते, त्याने अजून थोडी भर. (कॅम ग्राइंड केला असता तर उलट झालं असतं, रॉड आखूड पडले असते, पण तुमचा कॅम आम्ही लावलेला नाही.) आणि आमच्या बिलावर नुसतं "हेड ब्लॉक फेसिंग" लिहिलंय, आकडा नाही. तो लिहायला पाहिजे होता.

दुसरं, तुम्ही जुना सरळ रॉड व्हर्नियरने टोकापासून टोकापर्यंत मोजून माप पाठवलं. या रॉडला खाली गोळा असतो आणि वर वाटी, रॉकरच्या स्क्रूचा गोळा वाटीच्या बुडाला टेकतो, काठाला नाही. आम्ही लावलेल्या टोकांची वाटी कंपनीच्या वाटीपेक्षा २ मिमी उथळ निघाली, काल शिल्लक टोक मोजलं तेव्हा कळलं. बाहेरून माप सेम, आतून रॉड २ मिमी लांब. ही चूक सरळ आमची. दोन्ही रॉडच्या वाटीत बेअरिंगचा तोच छर्रा ठेवून छर्र्यासकट माप घेतलं असतं तर फरक तिथेच दिसला असता.

आणि तिसरं दादा, तुमच्याच मेसेजमध्ये आहे, "प्रीलोडसाठी १ मिमी जास्त ठेवा". आम्ही विचारलं नाही, ठेवलं. ते प्रीलोड (रॉड थोडा जास्त लांब ठेवून दिलेला दाब) ऑइलवर चालणाऱ्या हायड्रॉलिक टॅपेटला लागतं, अमेरिकन व्ही-एट इंजिनवाल्या व्हिडिओत असतं. तुमचं हे १४८९ सीसीचं इंजिन, टॅपेट ठोस, इथे दाब नाही तर उलटी फट लागते, १५ थाऊ म्हणजे ०.३८ मिमी. व्हॉल्व्हच्या टोकाला मार्कर लावून चमकलेली रेघ मध्ये येईपर्यंत रॉड बदलायचा, हे पण त्याच व्हिडिओतलं. तिकडे रॉकर एकेका स्टडवर असतो म्हणून रॉडच्या लांबीने रेघ सरकते. आपल्याकडे शाफ्ट ठोकळ्यांवर पक्का, रेघ सरकवायची तर ठोकळ्याखाली शिम टाकाय लागते, रॉडची लांबी फक्त स्क्रू किती बाहेर राहील तेवढं ठरवते.

बेरीज केली तर ४ मिमीच्या वर जातंय. स्क्रू पूर्ण मागे घेऊन पण तेवढी जागा मिळत नाही, व्हॉल्व्ह उघडाच, त्यात कॅमने अजून उचलला, स्प्रिंगचे वेढे एकमेकाला टेकले, आणि सेल्फ मारल्यावर कुणीतरी वाकणारच होतं.

पुस्तकातलं माप किंवा जुन्या रॉडचं माप फेसिंगनंतर कामाचं नाही, जे इंजिन बांधलंय त्यातच मोजाय लागतं. घरी होतं, अवघड नाही. एक जुना सरळ रॉड वरच्या बाजूला कापा, जोड हेडच्या वर राहिला पाहिजे नाहीतर भोकात अडकेल, दोन्ही तुकड्यांना एम ६ ची डाय मारा आणि लांब नटने जोडा, एक टोक पक्कं, एक फिरतं, मागे चेकनट. एम ६ चा पिच १ मिमी, म्हणजे एक फेरा एक मिमी, हिशेब सोपा. मोजताना त्याच कंपनीचं जुनं दबलेलं हेड पॅकिंग टाका, नवं शेवटच्या फिटिंगला ठेवा, पण नट पूर्ण टॉर्कला. आणि टॅपेट कॅमच्या गोल पाठीवर, म्हणजे कॅम उचलत नाही त्या बाजूवर पाहिजे. नऊची बेरीज लक्षात ठेवा, उघडा व्हॉल्व्ह आणि मोजायचा व्हॉल्व्ह यांचे नंबर मिळून नऊ, आठ नंबर व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असेल तेव्हा एक नंबर मोजायचा, सहा उघडा तर तीन. रॉकरचा स्क्रू मधोमध ठेवून, रॉकर आणि व्हॉल्व्हच्या मध्ये १५ थाऊचं फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून, रॉड हलका अडकेपर्यंत फिरवा, लॉक करा, बाहेर काढून छर्र्यासकट मोजा. इनटेकचा एक आणि एक्झॉस्टचा एक असे दोन तरी मोजा, सगळ्या सीट सारख्या खोल बसतात असं नाही.

आठही रॉड परत करून देतो, मटेरियलचे पैसे नाही, टोकं लावायची मजुरी अर्धी, कारण ते १ मिमी तुम्ही सांगितलेलं. तोवर सेल्फ मारू नका, आणि जो वाकलाय त्याच्या खालचा टॅपेट काढून तोंड बघा, ओरखडा असेल तर तोपण आणा. इंजिन आणायची गरज नाही. जोडवाला रॉड तयार करायचा कंटाळा आला तर आमचा एक आहे, शंभर फुटी रोडला काउंटरमागे खिळ्याला टांगलेला, नेऊन वापरा आणि परत द्या, मागच्या वेळचा फिएटवाला महिनाभर घेऊन बसला होता. तुमचे जुने आठ रॉडपण इथेच डब्यात आहेत, तेवढे घेऊन जा.