‘स्प्रिंग बदललीच नाही, नुसती साफसफाई करून 1500 रुपये घेतले’ या अभिप्रायावर पिस्तूल दुरुस्तीच्या दुकानाचं उत्तर

नमस्कार भाऊ,

आम्ही दुरुस्त करून दिलेल्या पिस्तुलात नेमबाजीच्या रेंजवर चार लोकांसमोर दुसऱ्याच गोळीला पुंगळी (झाडलेल्या काडतुसाचं रिकामं कवच) अडकली, तुम्हाला खजील व्हावं लागलं, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. आठ दिवस लागले हेही खरं. दुकानात गोळी झाडून पाहता येत नाही, रेंजची वेळ मिळेपर्यंत थांबावंच लागतं. एक तारा दिलात, तो तुमचा हक्क आहे. पण ‘कडक स्प्रिंग टाका म्हटलं तर टाळाटाळ केली’ हे वाक्य सीताबर्डीपासून इतवारीपर्यंतचं आमचं गिऱ्हाईक वाचतं. पोट यावरच आहे, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

तुमचं पिस्तूल .32 बोअरचं, छोटं, ब्लोबॅक. त्यात नळी जागेवर पक्की असते आणि स्लाइडला, म्हणजे वरच्या सरकणाऱ्या भागाला, नळीशी अडकवणारा लॉक नसतो. गोळी सुटली की गॅसच्या दाबानं पुंगळी मागे रेटली जाते आणि स्लाइड उघडते. तिला रोखायला फक्त स्लाइडचं वजन आणि तिला पुन्हा पुढे ढकलणारी रिकॉइल स्प्रिंग. मागे जाताना एक्स्ट्रॅक्टरचा हुकासारखा आकडा पुंगळीची कड धरून ठेवतो, ती फ्रेमवरच्या (मुठीसकट खालच्या सांगाड्यावरच्या) इजेक्टर नावाच्या टोकावर आपटते आणि उजवीकडे बाहेर उडते. स्लाइड पुरेशा वेगानं आणि पूर्ण मागे गेली तरच हे जमतं. कडक स्प्रिंगनं ती मागे कमी गेली असती, पुढे मात्र जोरात आली असती, आणि पुंगळी खिडकीत (ती बाहेर पडते त्या फटीत) उभी चिमटली असती. म्हणजे तुमची तक्रार होती तीच वाढली असती, वर स्प्रिंगचे पैसे गेले असते ते वेगळेच. तुमची स्प्रिंग कंपनीच्या नव्या स्प्रिंगशेजारी ठेवून पाहिली, लांबी जुळली. चांगला पार्ट काढून बिल फुगवणं आमच्याकडे होत नाही.

आता ‘नुसती साफसफाई’. पुंगळी चेंबरमध्येच (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं तिथेच) राहिली तर आधी आकडा आणि चेंबर बघायचा. बाहेर निघून खिडकीत उभी राहिली तर आकड्याची पकड, इजेक्टरचं टोक, स्लाइडचा वेग आणि हाताची पकड, हे सगळं बघावं लागतं. तुमची उभी राहत होती. भिंगाखाली आकड्याच्या आतल्या बाजूला पितळेचा चुरा आणि वाळलेलं तेल यांचा काळपट पिवळा थर दिसला, नखानं न निघणारा. त्यामुळे आकडा कडेवर पूर्ण बसतच नव्हता. पिन ठोकून काढली, आकडा आणि त्याची बारीक स्प्रिंग बाहेर घेतली, खाच नायलॉन ब्रशनं आणि लाकडी काडीनं कोरून कोरडी केली. मग उतरवलेल्या स्लाइडमध्ये आकड्याखाली डमी, म्हणजे बारूद नसलेलं, काडतूस सरकवून स्लाइड हलकेच हलवली. साफ करण्याआधी ते गळून पडत होतं, नंतर टिकलं. इजेक्टर झिजलेला नाही. रेंजवर दोन्ही मॅगझिननं चालवलं तेव्हा पुंगळ्या तीन-चार फुटांवर, उजवीकडे पडत होत्या. 1500 रुपये या कामाचे आहेत.

मग पुन्हा का अडकलं? तुम्ही टाकलेल्या फोटोत खिडकीपाशी तेल ओघळलेलं दिसतं. आकड्याच्या खाचेत तेल घालू नका, स्लाइड सरकते त्या दोन्ही रेल्सवर एकेक थेंब पुरे, हे पिस्तूल देताना सांगितलं होतं. नागपूरच्या उन्हात जास्तीचं तेल पसरतं, धूळ धरतं आणि चिकट होऊन बसतं. दुसरं, तुमची काडतुसं चामड्याच्या पाकिटात असतात. पितळेवर हिरवट डाग आले होते, तेव्हाच दाखवले होते. तशी काडतुसं चेंबरला चिकटतात, आणि जुन्या बारुदाचा जोर कमी पडला तर स्लाइड अर्ध्यावरून परतते. तिसरी गोष्ट लिहायला जड जातं, पण लिहितो: एवढ्या छोट्या मुठीवर करंगळी खाली लोंबकळते, मनगट सैल राहतं, फ्रेमही स्लाइडबरोबर मागे जाते आणि स्लाइडचा जोर तिथेच मरतो.

ओळखायचं सोपं आहे. तेच पिस्तूल, तेच मॅगझिन, त्याच लॉटची काडतुसं रेंजवरच्या प्रशिक्षकाच्या हातात द्या. त्यांच्याकडे चाललं आणि तुमच्याकडे अडकलं तर पकड. एकाच मॅगझिनला अडकलं तर मॅगझिन. नव्या लॉटनं चाललं तर काडतुसं. आणि अडकल्यावर पुंगळी बोटांनी उपटू नका: नळी टार्गेटकडे, बोट ट्रिगरबाहेर, मॅगझिन काढा, मग स्लाइड पूर्ण मागे ओढा आणि चेंबर डोळ्यांनी बघा.

यापुढे काय उघडलं, काय तपासलं ते बिलावर लिहून देण्याचा प्रयत्न करू, रेंजच्या तारखेचंही बघतो. तुम्ही मूळ लायसन्स, दोन्ही मॅगझिन आणि तीच काडतुसं घेऊन या, तपासणीचे पैसे घेणार नाही. पिस्तूल रिकामं करून आणा, पण आधी पुसू नका आणि तेल घालू नका. ते आहे तसंच बघायचं आहे.