वाट पाहीन, पण ट्रेलरवरच खाईन

रविवारी सकाळी मटणाच्या दुकानापुढं रांगेत कसं उभं राहायचं, हे कोल्हापूरकराला शिकवावं लागत नाही. पिशवीतल्या डब्याचं झाकण वाजवत, "फऱ्याचं द्या, चरबी बेतानं" असं मनात घोकत मी चाळीस वर्षं उभा राहिलोय. त्यामुळं आमचे जावई निखिलराव म्हणाले, "बाबा, उद्या बार्बेक्यूला जाऊ या, थोडी लाइन असते हां," तेव्हा मी नुसता हसलो.

निखिलराव मूळचे सांगलीचे. लग्नाआधी अंडं घातलेल्या केकलाही हात लावत नव्हते. पहिल्या दिवाळसणाला आले, तेव्हा आम्ही तांबड्या-पांढऱ्याचा बेत रद्द करून बासुंदी आटवली होती. टेक्सासात, ऑस्टिनला येऊन त्यांना नऊ वर्षं झाली. आता या माणसाच्या परसात ताडपत्रीखाली झाकलेला, मांस धुरावर शिजवायचा स्मोकर आहे, फोनमध्ये मांसाचं तापमान दाखवणारं ॲप आहे, आणि सांगलीत त्यांच्या मातोश्रींची समजूत आहे की पोरगं तिकडं पालापाचोळा खाऊन दिवस काढतंय. ही समजूत मोडायची नाही, असा घरात अलिखित ठराव आहे.

माझा ठराव वेगळा. बीफ खायचं नाही. निखिलरावांनी त्यावर आधीच तोड काढली होती. "तुमच्यासाठी टर्की आहे, पोर्क रिब्ज आहेत. टर्की तर अशी लागते बाबा, की ब्रिस्केट विसराल." टर्की हा कोंबडीहून थोराड पक्षी, आणि ब्रिस्केट म्हणजे गाईबैलाच्या छातीचं मांस. जे कधी खाल्लंच नाही ते विसरायचं कसं, हे मी विचारलं नाही. जावई आहेत शेवटी.

एका टायरच्या दुकानामागं खडी टाकलेलं आवार होतं. त्यात एक ट्रेलर. आपल्याकडच्या वडापावच्या गाड्याला भाऊ असता तर एवढाच असता. शेजारी ओकच्या लाकडांची पुरुषभर उंच थप्पी. आणि तिच्या पलीकडं आडवी पसरलेली एक काळीठिक्कर टाकी, धुराड्यासकट. प्रोपेन गॅसची जुनी हजार गॅलनची टाकी कापून हे प्रकरण बनवतात. एका टोकाला चूल, दुसऱ्या टोकाला धुराडं, मांस मधे. जाळ मांसाला शिवतही नाही. मधून जाते ती नुसती ऊब आणि धूर. आपल्याकडं धुरानं डोळे चोळणाऱ्या सुनेला चूल बदलून देतात, इथं तोच धूर पाउंडावर विकतात.

ट्रेलर उघडणार अकराला, बंद होणार माल संपला की. आम्ही साडेनऊला पोचलो. पुढं एकसष्ट माणसं. मी मोजली.

तिला रांग म्हणणंही चूक होतं. वनभोजन होतं ते. घडीच्या खुर्च्या, बर्फाच्या पेट्या, एका टोळक्याचा पत्त्यांचा डाव रंगलेला, एक बाई स्वेटर विणत बसलेली. अडतीस अंशांचा उन्हाळा, आणि स्वेटर! आमच्याकडं सामान म्हणजे एक छत्री. उन्हात छत्री उघडणारा अख्ख्या आवारात मी एकटाच, त्यामुळं येणारा-जाणारा "पाऊस येणार का?" असं मला अदबीनं विचारून जात होता. बरं, ओळखही कुणाची नाही. कोल्हापुरात कसं, खाटीक लांबूनच मान हलवतो, मग आपण "एवढं अर्धा किलो तेवढं बाजूला ठेवा" म्हणून बोट दाखवतो आणि पेपर वाचायला जातो. इथं गव्हर्नर आला तरी बासष्टावा.

निखिलरावांनी वेळ सत्कारणी लावायला व्याख्यान सुरू केलं. एकोणिसाव्या शतकात या भागात जर्मन आणि चेक खाटीक आले. उरलेलं मांस नासू नये म्हणून ते धुरावर धरायचे आणि कागदात बांधून विकायचे. कापूस वेचणारे मजूर तिथंच उभ्या उभ्या खायचे, म्हणून आजही ताटाऐवजी कागद. इथून पाऊण तासावर लॉकहार्ट म्हणून गाव आहे, त्याला 1999 साली इथल्या विधानसभेनं ठराव करून टेक्सासची बार्बेक्यू राजधानी ठरवलं. (आमच्या तांबड्या रश्श्यावर विधिमंडळात अजून ठराव नाही. आमदार काय करतात?) ऑस्टिनात 2009 साली एरन फ्रँकलिन नावाच्या माणसानं असाच एक ट्रेलर लावला, त्याचं पुढं एवढं नाव झालं की गल्लोगल्ली टाक्या धुमसायला लागल्या. आणि 2024 मध्ये, जगभरच्या हॉटेलांना तारे वाटणाऱ्या मिशेलिनवाल्यांनी टेक्सासातल्या चार बार्बेक्यूवाल्यांना एकेक तारा दिला.

"म्हणजे हा उभ्यानं खायचा मजुरांचा घास," मी म्हटलं.

"हो."

"पाउंडाला अठ्ठावीस डॉलर."

"ती टर्की, बाबा. ब्रिस्केट चौतीस."

पाउंड म्हणजे चारशे चोपन्न ग्रॅम. मी मनातल्या मनात किलो केला, मग रुपये केले, मग छत्रीच्या दांड्याला धरून उभा राहिलो. टर्कीच पाच हजारांच्या वर जात होती. 2019 साली मटणाचा दर किलोला सहाशेच्या घरात गेला म्हणून कोल्हापूर रस्त्यावर उतरलं होतं, आणि त्यात घसा फोडून घोषणा देणाऱ्यांत मी होतो.

साडेदहाला घाम पायातल्या मोज्यापर्यंत पोचला. तेवढ्यात निखिलराव 'स्टॉल', म्हणजे मांसाचं तापमान मधेच अडून बसणं, या विषयाकडं वळले. हे आम्हाला अनुभवानं ठाऊक होतं, कारण आम्ही आलो त्याच आठवड्यात त्यांनी परसात प्रयोग केला होता आणि पारा एकशे साठ फॅरनहाइटवर जाऊन बसला तो रात्री दोनपर्यंत हलला नाही. घरातले सगळे आळीपाळीनं त्या मांसाच्या उशाशी बसलो होतो. कारण असं, की मांसाला घाम फुटतो, तो वाळताना गारवा देतो, मग खालून कितीही लाकडं घाला, तापमान चढत नाही. घाम आटला की मग हळूहळू दोनशे तीनकडं सरकतं आणि चिवट तंतूंचं लोणी होतं.

"किती तास?"

"बारा, चौदा. कधी जास्त."

"आणि माणसाचं?" मी विचारलं. निखिलरावांनी पाण्याची बाटली पुढं केली.

अकराला फळी उघडली आणि रांग तसूभरही सरकली नाही. कापणारा एकच. साठीचा, दाढी पांढरी, हातमोजे काळे. गिऱ्हाईक समोर आलं की हा आधी त्याची विचारपूस करायचा, मग चाखायला एक तुकडा द्यायचा, मग ते डोळे मिटून 'अंहं' करायचं, मग सुरी चालायची. मागं उन्हात साठ माणसं रापत असताना कुणाला घाई नाही! उलट पुढच्याचं 'अंहं' ऐकून मागचे खूश. आमच्याकडं एवढ्यात दुकानाच्या काचा गेल्या असत्या.

खिडकीशेजारी तपकिरी कागदावर हातानं लिहिलेला फलक होता. पदार्थ संपला की एक पोरगी जाड पेनानं त्यावर काट मारून जायची. पहिल्यांदा बीफ रिब गेली. माझं काय जातंय? आमच्यापुढं वीसएक माणसं उरली असताना ती वही घेऊन फिरली, कुणाला काय हवं ते टिपलं आणि माझ्याकडं बघून गोड हसली. हे हसणं मी ओळखतो. एसटीच्या खिडकीवर "बघू, पुढच्या गाडीला" म्हणतात तेव्हाचं.

पोर्क रिब्जना काट बसली तेव्हा आमच्यापुढं तिघं होते. टर्की शाबूत होती. दोघं झाले, शाबूत. मग आमच्या लगेच पुढचा गृहस्थ. सकाळपासून माझ्याशी पावसापाण्याच्या गप्पा मारलेला, नातवंडांचे फोटो दाखवलेला, देवमाणूस. त्यानं खिशातून चिठ्ठी काढली आणि वाचली, "टर्की, तीन पाउंड."

पोरीनं पेन उघडल्याचा 'टक्' आवाज मला ऐकू आला.

उरलं ब्रिस्केट आणि सॉसेज. सॉसेजमध्ये काय? बीफ. बीन्स? त्यात ब्रिस्केटचे तुकडे. कापणाऱ्या म्हातारबाबांना खरंच वाईट वाटलं. त्यांनी काउंटरवर बाहेर वाकून माझा हात हातात घेतला. आणि मग निखिलरावांचं ब्रिस्केट कापायला घेतलं, ते मात्र मी बघत राहिलो, लपवत नाही. कागदातून काढलेला तो गोळा वरून नुसता कोळसा, पण फळीवर ठेवला तेव्हा खरवसासारखा थरथरला. लांब सुरी एकदाच, न दाबता, ओढत आणली. आत कडेला बोटाच्या पेराएवढी गुलाबी किनार, मग करडं, आणि फळीवर तूप सुटल्यासारखा ओघळ. मसाला काय, विचारलं. मीठ आणि मिरी. बस्स. रात्रभर लाकडं सारत जागायचं, ते मीठ आणि मिरीसाठी.

मग मला राहवेना. खिशातली डबी काढून मी कांदा-लसूण चटणी पुढं केली. परदेशात ती माझ्या खिशात असतेच, बीपीच्या गोळीशेजारी. वाटलं, आता उडेल हा. त्यांनी पावाच्या कोपऱ्यावर चांगली बोटभर घेतली, चघळली, वर आकाशाकडं बघितलं. घाम नाही, ठसका नाही.

"कांदा कशावर भाजलाय?"

"गॅसवर."

"अच्छा," म्हणावं तसं काहीतरी ते म्हणाले. मटण फ्रीजमधलं आहे असं कळल्यावर आम्ही ज्या सुरात बोलतो, त्या सुरात.

सव्वाबाराला आम्ही झाडाखाली बाकावर बसलो. निखिलरावांपुढं कागदावर चौतीस डॉलरचा ऐवज, डोळे मिटलेले, कोपरापर्यंत ओघळ. माझ्यापुढं पांढरा स्लाइस ब्रेड, कच्चा कांदा, काकडीचं लोणचं, बटाट्याचं सॅलड आणि बनाना पुडिंग. पुडिंग म्हणजे शिकरण. घट्ट, आणि त्यात बिस्किटं बुडालेली. बटाट्यावर चटणी भुरभुरली आणि कांद्याबरोबर सगळं संपवलं. चांगलं होतं हो. म्हातारबाबांनी त्याचे पैसे घेतले नाहीत, हे आमच्या हिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग आमटी-भात तरी काय महाग होता घरी?"

रात्री नऊला सांगलीहून विहीणबाईंचा व्हिडिओ कॉल. तिकडं सोमवारची सकाळ, मागं देवघरात घंटा वाजत होती. निखिलरावांनी दोनदा अंघोळ केली होती, तरी बैठकीत ओकचा धूर दरवळत होता. फोनमधून वास जात नाही, ही केवढी सोय.

"व्याही, काल रविवार," विहीणबाई म्हणाल्या, "आमच्या निख्यानं कुठं नेलं की नाही जेवायला? काय खाल्लंत?"

निखिलरावांनी माझ्याकडं बघितलं. मुलीनं बघितलं. मी घसा साफ केला.

"कांदा, पाव, बटाटा," मी म्हणालो. "आणि शिकरण."

"बाई गं! रविवारी, तुम्ही?" विहीणबाईंचे डोळे भरून आले. "कसला वळणावर आणलाय हो तुम्ही माझा मुलगा."