राघू म्हटलं म्हणून

पंधरा दिवस झाले लिहू का नको असं चाललंय, पण आता सगळीकडे ॲडमिशनचे फॉर्म सुटलेत आणि आमच्या बेळगावातल्या वडगावात तर घरोघरी हाच विषय आहे म्हणून लिहिते. जरा मोठं झालंय, पण ज्यांची मुलं ह्या वर्षी पहिलीला जाणार आहेत त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

आमच्या थोरल्याला यंदा पहिलीत घालायचंय. वयाचं अडलं नाही, १ जूनला त्याला सहा पूर्ण होतात. शाळेचं नाव घेत नाही. इंग्लिश मीडियम, स्टेट सिलॅबस, घरापासून रिक्षाने दहा मिनिटं. ह्यांची उद्यमबागला आठची ड्युटी, म्हणून पहाटे साडेपाचला ते लाईनीत उभे राहिले आणि सातला मी पोराला आंघोळ घालून, नवीन शर्ट घालून घेऊन गेले.

फॉर्ममध्ये मातृभाषा असा कॉलम होता, त्याच्या खाली घरात कुठली भाषा बोलता. मी दोन्हीकडे मराठी लिहिलं. माझ्या पुढे शहापूरची एक बाई होती, ती मागे वळून माझा फॉर्म बघून हळूच म्हणाली, "ताई, घरात इंग्लिश बोलतोय म्हणून लिव्हा, न्हाईतर लिस्टात नाव येत न्हाई बघा." तिच्या फॉर्मवर त्या कॉलमात व्हाइटनर लावलेला होता आणि त्याच्यावर इंग्लिश लिहिलेलं. व्हाइटनर पातळ झालेला, खालचं मराठी नीट वाचता येत होतं. ते डोळ्यासमोरनं अजून जात नाही माझ्या. त्या बाईचा मला राग नाही, तिला पोराची सीट पाहिजे होती, मलाही तीच पाहिजे होती.

मग आत बोलावलं. टीचरनी पोराला चित्रांचं पुस्तक दाखवलं आणि विचारलं, व्हॉट इज धिस. त्याने बोट ठेवलं आणि एकदम खुशीत सांगितलं, "राघू!" आमच्या शेजारच्या आजींकडे पिंजऱ्यात आहे, रोज त्याला मिरची घालतो हा. टीचरनी मान हलवली आणि पुढचं पान उलटलं. पुढच्या पानावर तो गप्पच बसला, माझ्याकडे बघत. आणि ती टीचर आपल्यातलीच हो, बाहेर शिपायाशी छान मराठीत बोलत होती. नंतर आम्हाला दोघांना विचारलं, शिक्षण किती, मुलाचा अभ्यास घरी कोण घेणार, इंग्लिश बोलायला जमतं का. हे ड्युटी सोडून आले होते, अर्ध्या दिवसाचा पगार कापून, आणि नुसते यस मॅडम यस मॅडम म्हणत राहिले.

घरी येऊन मी काय केलं, तर रात्री पोराला पॅरट पॅरट म्हणून पाठ करून घेतलं. त्याने विचारलं, आई राघू चुकीचं आहे काय? मला उत्तर देता आलं नाही आणि ह्या गोष्टीचं मला फार वाईट वाटतंय.

दुसऱ्या दिवशी आमच्या सहकारी सोसायटीत कामाला गेल्यावर आमच्या मॅनेजर साहेबांनी सांगितलं की हे सगळं कायद्यात बसतच नाही. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १३. ॲडमिशनसाठी मुलाची परीक्षा, मुलाखत घ्यायची नाही आणि आईवडलांचीही नाही. पहिल्यांदा सापडले तर २५ हजारापर्यंत दंड, नंतर दरवेळी ५० हजारापर्यंत. डोनेशन घेतलं तर घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा ह्यातनं सुटतात, पण बाकीच्यांना हे लागू आहे. आपण सगळे लाईनीत उभे, आणि एकालाही हे माहीत नाही. त्याच कायद्यातल्या २५ टक्के सीटमधनं दिराच्या मुलीला २०१८ ला खासगी शाळा मिळाली होती, आता तेही नाही, २०१९ पासून कर्नाटकात जवळ सरकारी नाहीतर अनुदानित शाळा असली की खासगीतली सीट देत नाहीत.

आता कोणी म्हणेल मराठी शाळेतच घाल की. मी स्वतः सरकारी मराठी शाळेत शिकले, दहावीला मराठी पहिली भाषा, १२५ मार्कांचा पेपर, आणि माझं काही अडलं नाही. पण आज आमच्या जवळच्या शाळेत एकाच वर्गात तीन इयत्ता बसतात, मुलं कमी म्हणून शिक्षक कमी आणि शिक्षक कमी म्हणून मुलं कमी. ते बघून माझं मन धजलं नाही, खरं सांगते. माध्यम कुठलं घ्यायचं हा पालकाचा अधिकार, असं सुप्रीम कोर्टानेच २०१४ ला कर्नाटकाच्या केसमध्ये सांगितलंय.

पण इंग्लिश मीडियम घेतलं म्हणजे मराठी सोडली असं कोणी ठरवलं? कन्नड २०१५ च्या कायद्याने सगळ्या शाळांत आहे, त्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही, सोसायटीतलं आमचं निम्मं गिऱ्हाईक कन्नड बोलतं, पोराला कन्नड आलंच पाहिजे. माझं म्हणणं आपल्याच लोकांना आहे. बेळगाव कर्नाटकात घातलं म्हणून १ नोव्हेंबरला आपण काळा दिन पाळतो, त्याच्या सायकल फेरीत आमच्या गल्लीतली निम्मी माणसं असतात, माझे वडील तर एकही वर्ष चुकवत नसत. तीच माणसं ॲडमिशनच्या टेबलावर मराठी हा शब्दसुद्धा तोंडातनं काढत नाहीत. शाळेत मराठी विषय आहे काय, आठवड्याला दोन तास तरी द्या, एवढं विचारायला कोण मोर्चा लागत नाही. कोणी विचारतच नाही, म्हणून शाळा ठेवत नाही.

म्हणून मी परवा परत गेले, साधा एक पानाचा अर्ज घेऊन. आठवड्याला दोन तास मराठी ठेवा, हवं तर शाळा सुटल्यावर ठेवा, शिक्षकाचे पैसे आम्ही पालक मिळून देतो. हेडमिस्ट्रेस नीट बोलल्या, खोटं कशाला सांगू. म्हणाल्या, वीस पालकांच्या सह्या आणा, मग मॅनेजमेंटपुढे ठेवते. हे मी आधीच, फॉर्म भरायच्या दिवशीच विचारायला हवं होतं.

आत्तापर्यंत अकरा सह्या झाल्यात. वडगावच्या सात, अनगोळचे तीन, आणि एक शहापूरच्या त्या ताईंची. मंगाई मंदिरापाशी भेटल्या, मी अर्ज दाखवला, त्यांनी पेन मागून घेतलं आणि सही मराठीत केली. अजून नऊ पाहिजेत. तुमचं मूल त्याच शाळेत जाणार असेल तर मला मेसेज करा, अर्ज माझ्या पर्समध्येच असतो, मी घरी येऊन सही घेते.