‘समुद्र नसलेल्या गावात बोटीचं काम देऊ नका’ या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. तुमच्या बोटीच्या इंजिनाला समुद्राचं पाणी देऊन गार ठेवणारा पंप दहा दिवसांत देतो म्हणालो आणि एकोणीस दिवस लावले, ही चूक आमचीच. गणपतीत पोरं गावी गेली होती, पण ते आम्हाला आधी कळायला पाहिजे होतं. माफी मागतो. डब्याला मासळीचा वास येत होता हेही खरं. आंबा घाटानं मासळी घेऊन वर येणारी गाडी रत्नागिरीला परत जाताना रिकामी असते, तिच्यातनं आम्ही माल पाठवतो. डब्याचं काहीतरी बघतो.

पण ‘यांनी रिपेअर केलेल्या पंपामुळं इंजिन तापलं आणि आम्ही विजयदुर्गला अडकलो’ हे जे लिहिलंय, ते वाचून दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

साहेब, त्या पंपाला 316 स्टेनलेसचा (खाऱ्या पाण्यात सहजी न गंजणाऱ्या स्टीलचा) नवा शाफ्ट घातला, सील आणि दोन्ही बेअरिंग बदलली, कव्हर घासून सपाट केलं. रत्नागिरीहून विजयदुर्गपर्यंत एवढे तास इंजिन गारच होतं, तसा तुमचा मेसेज आहे. अलार्म वाजला तो दुसऱ्या दिवशी सकाळी, नांगर उचलल्यावर पाच मिनिटांत. पंप खराब असता तर आदल्या दिवशी गप्प बसला असता का? तुम्हीच फोनवर म्हणालात, ‘रात्री खालचा कॉक बंद केला होता, सकाळी गडबडीत राहिला.’ समुद्राचं पाणी आत घेणारा तो कॉक रात्री बंद करणं चांगलंच. पण इम्पेलर, म्हणजे पंपात फिरणारं पात्यांचं चाक, रबरी असतो आणि त्याला वंगण त्या खाऱ्या पाण्याचंच. पाणी नाही मिळालं की मिनिटा-दोन मिनिटांत जळायला लागतो. तुम्ही पाठवलेल्या फोटोत पात्यांची टोकं वितळून चकाकतायत आणि दोन पाती मुळासकट गेलेली आहेत. शाफ्टमध्ये दोष असता तर एका बाजूला घासलेलं दिसलं असतं. तुमच्या बोटीवर मी नव्हतो, पण असले इम्पेलर बघण्यात माझे केस पिकले.

डब्यात एक जादा इम्पेलर आम्हीच ठेवला होता, त्याचे पैसे लावले नव्हते. तिथल्या मच्छीमार बोटीच्या एका तांडेलानं तो अर्ध्या तासात बसवून दिला आणि त्याच पंपावर तुम्ही देवगड करून मालवणला पोचलात. तारकर्लीचे फोटो आम्हीही बघितले, छान आहेत. हे सगळं रिव्ह्यूत का आलं नाही?

18,400 रुपये जास्त वाटले असतील. पण नव्या पंपाचं कोटेशन तुम्हीच दाखवलं होतं, म्हणून तर जुना आमच्याकडं आला.

आणि कोल्हापुरात समुद्र नाही हे आम्हालाही माहीत आहे, आमच्याकडं रंकाळाच आहे. पण उद्यमनगरात लेथवर उभा राहणारा माणूस ऑइल इंजिनं आणि साखर कारखान्यांचे पंप करत मोठा झालाय. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या ट्रॉलरवाल्यांचं काम आमच्याकडं येतं. एक ऑगस्टला मासेमारी सुरू होते, तेव्हा त्यांना एक दिवस उशीर चालत नाही.

आता प्रत्येक पंपाला लाल दोऱ्यानं चिठ्ठी बांधायला लागलोय, ‘आधी कॉक उघडा.’ तारखाही यापुढं जरा हात राखून देऊ.

एक विनंती. त्या दोन पात्यांचे तुकडे हीट एक्स्चेंजरच्या (समुद्राच्या पाण्यानं इंजिनातलं पाणी गार करणाऱ्या भागाच्या) नळ्यांत अडकलेले असू शकतात. मी तेव्हाच फोनवर सांगितलं होतं, बघितलं नसेल तर आता बघा. आणि पावसाळ्यात बोट वर काढली की इम्पेलर काढून ठेवा, नाहीतर पाती एका बाजूला वाकून तशीच बसतात. पंप तपासायचा असेल तर पाठवा, मजुरी घेणार नाही. सोमवारी सुट्टी असते.