अंबाझ म्हणजे आपली खपरी पेंड

औसा रोडला आमचं पेंडीचं दुकान आहे. वडिलांपासूनचं. सरकी पेंड, भुसा, मक्याचा भरडा आणि शेंगदाण्याची खपरी. तेल गाळून झालं की घाण्यात जो चोथा उरतो, ती खपरी. पोत्यातून काढली की कौलाच्या तुकड्यासारखी वाजते. रात्री भिजत घातली की सकाळी तिचं आंबोण होतं, ते दुभत्या म्हशीपुढे ठेवायचं. पावसाळ्यात पोतं ओलं झालं तर हिरवट बुरशी धरते. तसली पेंड जनावरालासुद्धा घालू नका, हे मी गिऱ्हाइकाला न विचारता सांगतो.

एवढं पुराण लावायचं कारण सुदान. २०२५च्या ऑगस्टमध्ये तिथल्या अल-फाशर शहराची बातमी वाचत होतो. देशाच्या पश्चिमेला दारफूर म्हणून भाग आहे, त्यातलं हे शहर. लोक 'अंबाझ' खाऊन दिवस काढताहेत, म्हणजे जनावरांचा चारा, असं लिहिलेलं. चारा म्हटल्यावर मला कडबाच दिसला. माणूस कडबा कसा खाईल? म्हणून शोधत बसलो. तर अंबाझ म्हणजे शेंगदाण्याचं तेल काढून उरलेला चोथा. सुदान भुईमुगाचा मोठा देश आहे, तिथे पेंड असणारच. (आंबोण आणि अंबाझ, कानाला किती जवळचे शब्द. नातं काही नसावं.) माझ्या गोदामात त्या दिवशी खपरीची चाळीसेक पोती होती. तिकडे ती भिजवून, शिजवून पोरांच्या ताटात जात होती. पुढे पुढे तिचेही भाव चढले आणि तीही मिळेना.

हा दुष्काळ पावसाने आणलेला नाही. लष्करप्रमुख बुरहान आणि आरएसएफ या निमलष्करी दलाचा प्रमुख हेमेदती, या दोघांनी २०२१ मध्ये मिळून सरकार उलथवलं आणि १५ एप्रिल २०२३ला एकमेकांवर बंदुका रोखल्या. एक कोटीहून जास्त माणसं घरदार सोडून निघाली. आज जगात एवढं मोठं विस्थापन दुसरं नाही. अल-फाशरला आरएसएफने मे २०२४ पासून वेढा घातला, नंतर शहराभोवती मातीचा बांधच उभा केला. उपग्रहाच्या छायाचित्रांत तो दिसतो, मैलोनमैल. आपण बांध घालतो पाणी अडवायला. २६ ऑक्टोबर २०२५ला शहर पडलं आणि तिथल्या सौदी प्रसूती रुग्णालयात शेकडो माणसं मारल्याच्या बातम्या आल्या. त्यावर मी इथे लिहीत नाही, मला जमणार नाही.

मला बोलायचंय ते चुलींबद्दल.

सुदानमध्ये 'नफीर' म्हणून एक रीत आहे. कुणाचं काम अडलं की हाक द्यायची, सगळ्यांनी जमायचं आणि ते उरकून टाकायचं. आपली इर्जिक. युद्ध सुरू झालं, परदेशी संस्थांची माणसं देश सोडून गेली, तेव्हा गल्लीतल्या पोरापोरींनी याच रीतीवर 'इमर्जन्सी रिस्पॉन्स रूम्स', म्हणजे तातडीच्या मदतीचे गट, उभे केले. सामुदायिक चुली पेटवल्या, त्यांना तिथे 'तकाया' म्हणतात. मोठ्या पातेल्यात मसूर, बाकल्याच्या (वालासारख्या) दाण्यांची उसळ, नाहीतर ज्वारीच्या पिठाचं घट्ट असीदा. हो, ज्वारीच. लोक डबे, बादल्या घेऊन रांगेत. पैसा येतो परदेशी गेलेल्या सुदानी माणसांकडून, मोबाइलवरच्या 'बँकक' ॲपने. या पोरांना दोन्ही बाजूंनी पकडून नेलं, काहींना मारलंही. २०२५ मध्ये त्यांना राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला, 'पर्यायी नोबेल' म्हणतात तो.

आता मोठी मदत कशी चालते ते बघा. शेजारच्या चाड देशातून दारफूरमध्ये धान्य येण्याचा अद्रे नाक्याचा रस्ता लष्करी सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद केला. उघडला १५ ऑगस्टला. त्याच महिन्याच्या सुरुवातीला अल-फाशरजवळच्या विस्थापितांच्या झमझम छावणीत दुष्काळ अधिकृतपणे जाहीर झाला होता. जून २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा ट्रकांचा ताफा पोर्ट सुदानहून सुमारे १,८०० किलोमीटर तुडवत अल-फाशरच्या तोंडाशी, अल-कोमाला पोचला आणि तिथे हल्ला झाला. पाच माणसं गेली, ट्रक जळाले. गल्लीतल्या चुलीला तो रस्ताच लागत नाही. ती बाजारात जे मिळेल ते विकत घेते आणि शिजवते. आणि २०२५च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत थांबवली तेव्हा आधी काय बंद पडलं? हीच चूल. हजारावर चुली काही आठवड्यांत विझल्या. संयुक्त राष्ट्रांनी त्या वर्षासाठी ४.२ अब्ज डॉलर मागितले होते, निम्मेही जमले नाहीत.

देणगीदार म्हणतात, या पोरांकडे नोंदणी नाही, ऑडिट नाही, पावत्या नाहीत. खरंय. मी दुकानदार आहे, पावतीचं महत्त्व मला कुणी शिकवू नये. पण बाजारात बॉम्ब पडत असताना मसूर विकणारा पक्कं बिल देत नाही. हिशेब मागा की, पण पोराच्या वहीतला हिशेबही चालवून घ्या.

मी हे पुस्तकातून बोलत नाही. ३० सप्टेंबर १९९३ला, किल्लारी हादरली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. आमच्या घरी त्या दिवशी आई आणि चुलत्या दुपारपर्यंत भाकरी थापत होत्या. वडिलांनी पेंडीच्या गाडीतूनच त्या नेल्या, फडक्यात बांधून. कुणी कुणाला यादी दिली नव्हती. मोठी मदत नंतर आली आणि भरपूर आली, ती नाकारत नाही. पण तिच्यात काय काय होतं! जुन्या कपड्यांचे ढीग मला अजून दिसतात, पावसात भिजलेले, कुणी हात न लावलेले. एका बोचक्यातून लग्नातला कोट निघाला होता.

'आपल्याकडे काय कमी दुःख आहे, सुदानचं काय घेऊन बसलास?' असं आमच्या ग्रुपवर एकाने विचारलं. हेच सुदान एप्रिल २०२३ मध्ये आपल्या प्रत्येक चॅनेलवर होतं. ऑपरेशन कावेरीत आपली ३,८००हून जास्त माणसं सुखरूप आली, चांगलंच झालं, आणि त्या आठवड्यात सुदान संपलं. पुण्यात वर्षानुवर्षं सुदानी पोरं शिकायला येत आली आहेत. कुणी ओळखीचं असेल तर निदान विचारा, घरचे कुठे आहेत. आणि पैसे द्यायचेच असतील तर त्यांनाच विचारा, कोणत्या चुलीला द्यायचे.

शनिवारी एक म्हातारे गिऱ्हाईक आले होते, आशिवचे. खपरीचं पोतं बांधताना मी त्यांना हे सगळं सांगितलं. त्यांनी एक तुकडा उचलला, वास घेतला, जिभेला लावला. बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग म्हणाले, "मीठ तरी मिळतं का रे त्यांना, ह्यात टाकायला?"

मला ते माहीत नव्हतं.