न आलेल्या पेशंटची यादी

बऱ्याच वर्षांपूर्वी एका मोफत तपासणी शिबिरात मी नोंदणीच्या टेबलावर बसलो होतो. दिवसभरात वही भरली. संध्याकाळी आकडा जाहीर झाला, टाळ्या पडल्या, फोटो निघाले. आवराआवर चालू असताना औषधांची पुडी घेऊन निघालेल्या एका आजींनी सहज विचारलं, "का रे बाळा, ओढ्यापलीकडचं कुणीच दिसलं नाही ते?" मी वही चाळली. खरंच कुणी नव्हतं. आजींनी विचारेपर्यंत हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. वहीत आलेल्यांचीच नावं असतात ना.

आरोग्य योजनांच्या बातम्या वाचताना मला हमखास ती वही आठवते. इतकी कार्डं वाटली, इतके फिरते दवाखाने निघाले, ओपीडी इतकी वाढली. सगळे आकडे दारापर्यंत पोचलेल्यांचे. योजना वंचितांपर्यंत गेली का, हे मला ठरवायचं असेल तर मी एकच गोष्ट विचारीन: कोण आलं नाही, हे तुमच्यापैकी कुणाला नावानिशी माहीत आहे का?

"पण आम्ही मोफत केलंय की!" हे उत्तर ठरलेलं असतं. मोफत हवंच, त्याबद्दल वाद नाही. पण ब्रिटनमध्ये १९४८ पासून सरकारी आरोग्यसेवा मोफत होती, तरीही १९७१ मध्ये ज्यूलियन ट्यूडर हार्ट या डॉक्टरने 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं की जिथे चांगल्या उपचारांची गरज जास्त, तिथेच ते कमी मिळतात. याला त्याने 'व्यस्त सेवेचा नियम' म्हटलं (व्यस्त म्हणजे उलट प्रमाणात). आणि सेवा जितकी बाजाराच्या हवाली, तितका हा नियम कडक चालतो, हेही त्याच लेखात आहे. ज्याचं हातावर पोट आहे त्याला मोफत तपासणीसुद्धा एका दिवसाच्या मजुरीला पडते. वर गाडीभाडं. वर घरी लहान मूल कुणाकडे ठेवायचं हा प्रश्न. आणि एवढं करून खिडकीवरचा माणूस म्हणतो, "उद्या या." दोन हेलपाटे झाले की तिसऱ्यांदा कोण जाईल?

हार्ट नुसता लेख लिहून थांबला नाही, म्हणून मला तो आवडतो. वेल्समधल्या ग्लिनकोरग या खाणकामगारांच्या गावात तो डॉक्टर होता. त्याने आपल्या यादीतल्या, म्हणजे त्याच्याकडे नाव नोंदलेल्या, जवळजवळ सगळ्या प्रौढांचं ब्लड प्रेशर मोजलं. दवाखान्यात आलेल्यांचंच नव्हे, सगळ्यांचं. जे येत नाहीत त्यांचा पाठपुरावा केला, आणि हे काम २५ वर्षं चालवलं. शेवटी ६५ वर्षांखालच्या मृत्यूंचं प्रमाण शेजारच्या तशाच गावापेक्षा सुमारे २८ टक्क्यांनी कमी निघालं. यात कुठलंही भारी मशीन नव्हतं. एक यादी होती आणि ती सोडायची नाही हा हट्ट होता.

हाच हट्ट एखाद्या देशाने धरला तर? कोस्टा रिकाने १९९५ च्या सुमारास धरला. साधारण चार-पाच हजार लोकांमागे एक पथक: डॉक्टर, परिचारिका-सहायक, नोंदी ठेवणारा आणि घरोघरी फिरणारा आरोग्य कर्मचारी. प्रत्येक माणूस कुठल्या ना कुठल्या पथकाच्या नावावर. ज्या घरात जोखीम जास्त, तिथे फेऱ्या जास्त. महत्त्वाचं म्हणजे सुरुवात राजधानीपासून झाली नाही, सोयी सगळ्यात कमी होत्या तिथून झाली. आपण सगळीकडे उलटं पाहतो. आधी शहरात 'पथदर्शी प्रकल्प', मग 'टप्प्याटप्प्याने विस्तार', आणि शेवटचा टप्पा येईपर्यंत मंत्री बदललेला असतो.

थायलंडच्या '३० बाट' (बाट हे तिथलं चलन) या सरकारी उपचार योजनेचं कौतुक तुम्ही ऐकलं असेल. २००१ मध्ये सुरू झाली, वर्षभरात देशभर पसरली. पण त्याआधीची गोष्ट कुणी फारशी सांगत नाही. १९८० च्या दशकात त्यांनी पाच वर्षं शहरांतल्या मोठ्या सरकारी रुग्णालयांत नवी भांडवली गुंतवणूक गोठवली आणि तो पैसा ग्रामीण भागातल्या जिल्हा रुग्णालयांना आणि आरोग्य केंद्रांना दिला. शहरातल्या बड्या डॉक्टरांना हे किती रुचलं असेल याची कल्पना करा! म्हणून २००१ मध्ये कार्ड हातात आलं तेव्हा ते दाखवायला जवळ दवाखाना होता. नुसतं कार्ड म्हणजे आडात नाही आणि पोहऱ्यात शोधा.

घरोघरी जाणाऱ्यांबद्दल मात्र मला राग येतो. म्हणजे त्यांचा नाही, त्यांना वागवण्याच्या पद्धतीचा. बहुतेक ठिकाणी या बायका असतात. कुठलं बाळ लशीशिवाय राहिलं, कुणाची टीबीची गोळी सुटली, हे त्यांना तोंडपाठ असतं. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून दाखवून दिलं की शाळेत न गेलेली बाईसुद्धा गावाचं आरोग्य सांभाळू शकते. तो प्रकल्प सरकारी नव्हता, पण त्यातून बरंच काही सरकारांनी उचललं. फक्त पगाराचा विषय आला की जगभरची सरकारं तिला 'स्वयंसेविका' म्हणायला लागतात. सेवा म्हटलं की मानधनावर भागतं! ब्राझीलमध्ये अशा प्रत्येक कार्यकर्त्याकडे जास्तीत जास्त ७५० माणसं असतात, घरोघरी नियमित जायचं असतं, आणि २०२२ मध्ये तिथे थेट घटनादुरुस्ती करून त्यांचा किमान पगार राष्ट्रीय किमान वेतनाच्या दुप्पट ठरवला गेला. कामाची किंमत अशी करावी लागते.

आता माझ्याच म्हणण्यातली खोच. यादी म्हटली की काही लोक घाबरतात, आणि त्यांचं चुकत नाही. कागदपत्रं नसलेला स्थलांतरित, हाकलून दिलं जाईल या भीतीने जगणारी वस्ती, आजाराचं नाव फुटलं तर काम जाईल अशी बाई. त्यांच्या दृष्टीने नाव लिहून घेणारा माणूस म्हणजे धोका. मग यादी कुणाच्या हातात आहे याला फार महत्त्व येतं. अमेरिकेत १९६५ पासून उभी राहिलेली सामुदायिक आरोग्य केंद्रं मला इथे आठवतात. त्यांच्या संचालक मंडळात किमान ५१ टक्के सदस्य तिथेच उपचार घेणारे असावे लागतात, कायद्यानेच. त्याने सगळी भीती जाते असं नाही. पण वही शेजारणीच्या ताब्यात असणं आणि अनोळखी साहेबाच्या ताब्यात असणं यात फरक आहेच.

त्या आजी परत भेटल्या नाहीत. पुढच्या शिबिरात मात्र आम्ही नोंदणीच्या कागदावर एक रकाना वाढवला: 'घरातलं किंवा शेजारचं कोण आलं नाही?' दुपारपर्यंत तो रकाना भरला आणि लोक सांगत गेले ती नावं कागदाच्या पाठीमागे लिहावी लागली.